अर्थसंकल्पाच्या तक्त्यात न विचारलेले प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला की वर्तमानपत्रांत दोन-चार दिवस त्याचीच चर्चा असते. घोषणा किती, तूट किती, कोणत्या जिल्ह्याच्या वाट्याला काय आले. पण त्या जाडजूड पुस्तकांतले खर्चाचे बहुतेक आकडे पाच-सहा महिने आधी कुठल्या तरी तालुक्याच्या कार्यालयात एका तक्त्यात भरलेले असतात. तो तक्ता कोण भरतो, कशाच्या आधारे भरतो आणि त्यात काय विचारलेच जात नाही, यावर फारसे लिहिले जात नाही. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर थकीत देयकांचा भाग तेवढा कृपया ठेवावा.

पावसाळा सरत आला की वित्त विभागाचे परिपत्रक निघते आणि माहिती गोळा होऊ लागते. सुरुवात होते आहरण व संवितरण अधिकाऱ्यापासून, म्हणजे ज्याच्या सहीने कोषागारातून पैसे निघतात त्याच्यापासून. तहसीलदार, ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, तालुका कृषी अधिकारी, कार्यकारी अभियंता असे हे अधिकारी. प्रत्येकाने आपल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या ठरलेल्या खात्याखाली, उद्दिष्टनिहाय (खर्चाच्या प्रकारानुसार) आकडे द्यायचे असतात: ०१ वेतन, ०६ दूरध्वनी-वीज-पाणी, ११ प्रवास, १३ कार्यालयीन खर्च, १४ भाडे, २४ इंधन वगैरे. तक्त्यात स्तंभ चार. संपलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मंजूर तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. हे तक्ते नियंत्रक अधिकाऱ्याकडे एकत्र होतात, तिथून आयुक्त किंवा संचालकांकडे, मग मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागाकडे आणि शेवटी वित्त विभागाकडे. २०१७-१८ पासून योजनांतर्गत आणि योजनेतर हा भेद गेला. आता खर्च ‘अनिवार्य’ आणि ‘कार्यक्रम’ अशा दोन भागांत मांडतात. कागदाची जागा बीम्स या अर्थसंकल्पाच्या संगणक प्रणालीने घेतली. पण विचारले जाणारे प्रश्न जवळपास तेच राहिले, आणि अडचण तिथेच आहे.

सुधारित अंदाज काढण्याची रीत साधी आहे. आठमाही अंदाजासाठी चालू वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांचा खर्च घ्यायचा, त्यात गेल्या वर्षीच्या शेवटच्या चार महिन्यांचा खर्च मिळवायचा आणि माहीत असलेले बदल जमेस धरायचे. पगाराला ही रीत बऱ्यापैकी लागू पडते. योजनांना पडत नाही, कारण योजनांचा मोठा खर्च फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि तो गरजेपेक्षा निधी कधी वितरित झाला यावर ठरतो. गेल्या वर्षी निधी २५ मार्चला आला असेल, तर त्या चार महिन्यांचा आकडा कामाबद्दल काहीच सांगत नाही. तरी तो बेरजेत जातो. शिवाय सुधारित अंदाज म्हणजे खर्चाची परवानगी नव्हे. तरतुदीपेक्षा जास्त हवे असेल तर पुरवणी मागणी विधिमंडळात मंजूरच व्हावी लागते. हे अनेक कार्यालयांत नीट लक्षात घेतले जात नाही.

पुढच्या वर्षाच्या स्तंभात काय भरतात? चालू तरतुदीवर १० टक्के वाढ. कारकून आळशी असतो म्हणून नव्हे. तक्ता भरायला मोजके दिवस मिळतात, त्याच सुमारास लेखापरीक्षणाची उत्तरे आणि निवडणुकीची कामेही असतात, आणि वेगळा आकडा दिला तर त्याचे समर्थन मागितले जाते. १० टक्क्यांचे समर्थन कुणी मागत नाही. वरच्या कार्यालयाला हे ठाऊक असते, म्हणून ते सरसकट कपात करते. खालच्याला ती कपात ठाऊक असते, म्हणून तो आकडा आधीच फुगवतो. यात सर्वांत जास्त नुकसान होते ते ज्याने खरा आकडा दिला त्याचे, कारण सरसकट कात्री त्याच्या आकड्यालाही तेवढीच लागते. आणि कपात का झाली हे खाली कधी कळवले जात नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीही तीच सवय चालू राहते.

याचा परिणाम पुरवणी मागण्यांत दिसतो. १० मार्च २०२५ रोजी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटी रुपयांचा होता. जूनअखेर पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, डिसेंबरमध्ये नागपुरात ७५,२८६ कोटींच्या. दोन्ही मिळून मूळ आकाराच्या सुमारे १९ टक्के. यातला काही भाग केंद्राच्या निधीचा आणि पुस्तकी समायोजनाचा असतो, त्यामुळे निव्वळ भार कमी भरतो. सप्टेंबरमधला मराठवाड्यातला महापूरही कुणाला मार्चमध्ये दिसणे शक्य नव्हते. हे सगळे वजा केले तरी पहिली मागणी नवे वर्ष सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच आली, हे उरतेच. दुसरीकडे, मूळ तरतूदच पूर्ण खर्च झालेली नसताना पुरवणी घेतली गेल्याची उदाहरणे महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्त अहवालांत वर्षानुवर्षे येतात. एकीकडे तुटवडा आणि दुसरीकडे शिल्लक, दोन्ही एकाच वर्षी.

आता वेतनाकडे येऊ, कारण सुधारणा सर्वांत सोपी तिथे आहे. समजा एका कार्यालयाच्या आकृतिबंधात ६० पदे मंजूर आहेत आणि भरलेली ४१. अंदाज ६० पदांवर काढला तर मार्चमध्ये वेतनाच्या शीर्षात रक्कम उरते आणि ती समर्पित, म्हणजे शासनाला परत, करावी लागते. ती वीजबिलाकडे वळवायची तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत वर्ष संपते. त्यातच रिकाम्या १९ पदांपैकी काहींचे काम कंत्राटी माणसे करत असतील, तर त्यांचा खर्च वेगळ्या उद्दिष्टाखाली पडतो आणि एकाच पदासाठी दोनदा तरतूद होते. खरे तर कर्मचाऱ्याचे मूळ वेतन, वेतनवाढीची तारीख, जन्मतारीख, निवृत्तीचा महिना हे सगळे ‘सेवार्थ’ या वेतनाच्या संगणक प्रणालीमध्ये आहे, दरमहा त्याच माहितीवर पगार निघतो. शाळांसाठी ‘शालार्थ’ आहे. तेव्हा वेतनाचा आकडा कार्यालयाकडून मागवण्याऐवजी सेवार्थमधून थेट बीम्समध्ये यावा. अधिकाऱ्याने फक्त फरक सांगावा: पुढच्या दीड वर्षात निवृत्त होणारे किती, भरतीची जाहिरात निघालेली पदे किती, ती कोणत्या महिन्यात रुजू होतील. महागाई भत्त्याचा दर वित्त विभागाने एकच ठरवून द्यावा.

शाळांच्या बाबतीत एक तारखेची अडचण आहे. शिक्षकांची पदे संचमान्यतेवर, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर याच्या आदेशावर, ठरतात आणि संचमान्यता विद्यार्थिसंख्येवर. पटाची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. ती माहिती भरून, आधारशी ताडून, संचमान्यता निघेपर्यंत अंदाज वर गेलेले असतात. त्यामुळे ‘ई-२ सर्वसाधारण शिक्षण’ या राज्याच्या अर्थसंकल्पातल्या अवाढव्य मागणीचा पाया एक वर्ष जुन्या पटावर उभा असतो. जिथे पट वेगाने घटतो किंवा शहराच्या कडेला वेगाने वाढतो, तिथे हा फरक मोठा पडतो. तारीख बदलणे राज्याच्या हातात नाही, पण जानेवारीत एकदा नव्या संचमान्यतेवर या मागणीची फेरतपासणी करता येईल.

यानंतर थकीत देयके. सरकारी लेखा रोखीचा असतो. पैसे दिले की खर्च. दिले नाहीत तर खर्च नाही. कपाटात पडून असलेले बिल कोणत्याच स्तंभात दिसत नाही. त्याचे काय होते ते एका उदाहरणाने सांगतो. एखाद्या ग्रामीण रुग्णालयाचे वीजबिल महिन्याला ८० हजार धरा, म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. ०६ खाली तरतूद मिळाली ६ लाख. साडेसात महिन्यांची बिले भागली, ३ लाख ६० हजार थकले. पुढचा अंदाज करताना आधार मिळतो तो ‘प्रत्यक्ष खर्च ६ लाख’ या आकड्याचा. त्यावर १० टक्के घातले की ६ लाख ६० हजार. प्रत्यक्षात लागणार आहेत ९ लाख ६० हजार अधिक जुने ३ लाख ६० हजार, म्हणजे १३ लाख २० हजार. बरोबर निम्मी रक्कम मिळाली. त्या वर्षाच्या अखेरीस थकबाकी ६ लाख ६० हजार, वर विलंब आकार वेगळा. इथे कुणी चूक केलेली नाही, तक्ता प्रामाणिकपणे भरला आहे, आणि तरीही दर वर्षी खड्डा वाढतोच आहे.

वीजबिल हे लहान उदाहरण. बांधकामांत हेच कोटींच्या घरात जाते. रस्ते व पूल यांच्या भांडवली खर्चाच्या ५०५४ या शीर्षाखाली कामे मंजूर होतात तेव्हा कामाची किंमत आणि त्या वर्षाची तरतूद यांत मोठे अंतर असते. समजा एका विभागात ३०० कोटींची कामे सुरू आहेत आणि वर्षाची तरतूद ३० कोटी. नवे एकही काम घेतले नाही तरी ही कामे पुरी व्हायला दहा वर्षे लागतील. पण दर वर्षी नावापुरत्या तरतुदीवर नवी कामे घेतली जातात, कारण काम पुस्तकात आले की निविदा निघू शकते. ठेकेदार काम करतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, देयक तयार होते आणि निधीची वाट पाहत पडून राहते. २०२५ मध्ये सार्वजनिक बांधकाम आणि जलजीवन मिशनच्या ठेकेदारांनी थकीत देयकांसाठी राज्यभर आंदोलने केली. थकलेली रक्कम नेमकी किती यावर संघटना आणि शासन यांचे आकडे जुळत नव्हते. देणे किती आहे यावरच एकमत होत नसेल, तर त्यासाठी पुढच्या वर्षी किती ठेवायचे हे कसे ठरणार?

म्हणून तक्त्यात पाचवा स्तंभ हवा: ३० सप्टेंबर रोजी देय असलेली पण न भागलेली देयके. त्यात तीन महिन्यांच्या आतली, एक वर्षापर्यंतची आणि त्याहून जुनी अशी विभागणी. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. बांधकामाचा आकडा मोजमाप पुस्तिकेतून निघतो. विजेचा आकडा महावितरणकडे ग्राहक क्रमांकानिशी आहे. शासकीय ग्राहकांची एकत्र यादी मागवली की कार्यालयांना विचारण्याचीही गरज नाही. भाडे, पाणीपट्टी, वाहनदुरुस्ती यांची देयके कार्यालयाच्या आवक नोंदवहीत असतातच.

यात एक खरी अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. तरतूद नसताना दायित्व निर्माण करणे ही वित्तीय अनियमितता आहे. जो अधिकारी थकबाकी लिहून देईल तो एका अर्थी ती कबूल करेल. म्हणून आज ती लपवली जाते. परिपत्रकातच स्पष्ट लिहावे लागेल की वीज, पाणी, औषधे, आहार, भाडे अशा टाळता न येणाऱ्या बाबींची थकबाकी पहिल्या वर्षी जाहीर केल्याबद्दल कारवाई होणार नाही. मंजुरीशिवाय काढलेल्या कामांना ही सूट नको. हा भेद नीट केला नाही तर स्तंभ छापला जाईल आणि सगळीकडे ‘निरंक’ भरून येईल.

‘प्रत्यक्ष खर्च’ हा आकडा गरज दाखवत नाही, ही गोष्ट औषधांत सर्वांत जास्त जाणवते. प्राथमिक आरोग्य केंद्राची पुढची मागणी मागच्या वापरावरून ठरते. पण एखादे औषध चार महिने उपलब्धच नसेल तर त्या चार महिन्यांचा वापर शून्य दिसतो आणि पुढची मागणी घटते. तुटवडाच पुढच्या तुटवड्याचे कारण होतो. औषधसाठ्याची नोंद ठेवणाऱ्या ई-औषधी प्रणालीत साठा शून्य झाल्याची तारीख कळते. वापराला बारा महिन्यांनी न भागता औषध उपलब्ध असलेल्या महिन्यांनीच भागावे. आठ महिन्यांत १,६०० पट्ट्या गेल्या असतील तर महिन्याची गरज २०० आहे, १३३ नाही. एवढ्या साध्या भागाकाराने फरक पडतो.

असाच एक विकृत आधार कोविडच्या वर्षाने दिला. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने २०२०-२१ मध्ये बहुतेक कार्यक्रमांना ३३ टक्केच निधी मिळणार होता. त्या वर्षीचा कमी खर्च गरज कमी होती म्हणून नव्हता, तरी पुढची काही वर्षे तो तीन वर्षांच्या सरासरीत शिरून अंदाज खाली ओढत राहिला. अपवादाच्या वर्षावर खूण करण्याची सोय तक्त्यात नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर आणखी एक गोंधळ आहे. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी जिल्हा परिषदेला दिला की कोषागाराच्या दृष्टीने तो खर्च झाला. बीम्सवर १०० टक्के दिसतात. जिल्हा परिषदेला मात्र तो पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत वापरता येतो. पैसे बँकेत असतात, शाळेची खोली कागदावर असते, आणि जिल्हा नियोजन समितीपुढे ‘पूर्ण खर्च’ असा अहवाल येतो. पालकमंत्री त्याच अहवालावर वाढीव निधी मागतात. इथे दोन आकडे शेजारी शेजारी हवेत: कोषागारातून निघालेले आणि जिल्हा परिषदेच्या मासिक लेख्याप्रमाणे कामावर लागलेले. कामनिहाय पूर्णत्वाचा दाखला आला असेल तरच दुसरा आकडा वाढावा.

ग्रामसभेतून येणाऱ्या माहितीबद्दल थोडक्यात. ‘आमचं गाव, आमचा विकास’ खाली गावे आराखडे करतात, ते ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर चढतात. जिल्ह्याची कमाल मर्यादा मात्र नियोजन विभाग वरून ठरवतो आणि जिल्हा आराखडा त्या मर्यादेत बसवला जातो. गावाच्या आराखड्यात आलेली मागणी आणि जिल्हा योजनेतले काम यांना जोडणारा एकही सांकेतिक क्रमांक नाही. त्यामुळे गावाने मागितलेले किती मिळाले हे कुणालाच सांगता येत नाही, सरपंचालाही नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामे मागवली. त्यातल्या त्रुटींवर बोलता येईल, पण निदान अर्ज, काम आणि तरतूद यांचा माग काढता येतो. राज्याच्या पातळीवर अशी साखळी नाही.

नव्या योजनांत माहितीचा क्रम उलटा होतो, त्याचे अलीकडचे मोठे उदाहरण मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे आहे. २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. दरमहा १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. अडीच कोटी महिला धरल्या तर ४५,००० कोटी. जाहीर रक्कम ४६,००० कोटी होती, म्हणजे गुणाकार चुकलेला नव्हता. पात्रतेच्या अटी होत्या: वय २१ ते ६५, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नको, शासकीय नोकरी नको. या अटी तपासणारी माहिती शासनाकडे तेव्हाही होती. सेवार्थमध्ये कर्मचारी होते, परिवहन विभागाच्या वाहन प्रणालीत गाड्या होत्या, इतर मदतयोजनांच्या याद्या होत्या. त्या ताडून पाहिल्या गेल्या त्या हप्ते सुरू झाल्यानंतर. जुलै २०२५ मध्ये २६.३४ लाख लाभार्थींचे हप्ते थांबवल्याचे शासनानेच सांगितले, आणि ई-केवायसी सप्टेंबरमध्ये सुरू झाली. २६.३४ लाखांना महिन्याला १,५०० म्हणजे महिन्याला सुमारे ३९५ कोटी. यातल्या ज्या महिला खरोखर पात्र असूनही थांबल्या असतील त्यांचा त्रास निराळा. त्यांना फेरतपासणीसाठी हेलपाटे पडतात. योजनेच्या हेतूबद्दल हे पत्र नाही. पण ज्या याद्या शासनाच्याच वेगवेगळ्या विभागांत पडून आहेत त्या तरतूद करण्याआधी एकत्र आणणे शक्य होते, आणि तसे केल्याने गरीब बाईलाही कमी त्रास झाला असता.

जमेच्या बाजूला माहिती थोड्या कार्यालयांतून येते, त्यामुळे ती अधिक नीटस असते. वस्तू व सेवा कर विभाग, पुण्याचे नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, राज्य उत्पादन शुल्क, परिवहन आयुक्त आपापले अंदाज देतात. धोका असतो तो गेल्या वर्षाची रेघ पुढे ओढण्याचा. मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० तीन टक्क्यांनी आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी कमी केले होते. दस्त केल्यापासून चार महिन्यांत नोंदवता येतो, म्हणून लोकांनी डिसेंबरात शुल्क भरून ठेवले आणि नोंदणी नंतर केली. डिसेंबरचा जमा आकडा आणि नंतरची दस्तसंख्या एकमेकांशी जुळतच नव्हती. ००३० या मुद्रांक व नोंदणी शुल्काच्या शीर्षाचा अंदाज करताना रक्कम, दस्तसंख्या आणि दर हे तीनही वेगळे मागवले नाहीत तर असा फुगवटा पुढच्या वर्षाचा पाया ठरतो. केंद्राच्या करांतला वाटा (पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्राचा ६.३१७ टक्के) आणि केंद्रपुरस्कृत योजनांचा हिस्सा १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतरच कळतो. केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के अशा योजनांत राज्याचे ४० किती हे त्याआधी निव्वळ अंदाजाने धरावे लागते आणि फेब्रुवारीत घाईने बदलावे लागते. याला राज्याकडे इलाज नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना फारशी माहीत नसते: ताळमेळ. विभागाच्या नोंदवहीतला खर्च आणि मुंबई व नागपूर येथील महालेखापालांच्या लेख्यातला खर्च दरमहा जुळवून पाहायचा असतो. एखादे देयक चुकीच्या शीर्षाखाली पडले तर ते इथेच सापडते. पहिल्या स्तंभातला ‘प्रत्यक्ष खर्च’ महालेखापालांचा असतो, कार्यालयाचा नव्हे. ताळमेळ सहा-आठ महिने रखडला की एका योजनेचा खर्च दुसरीच्या नावावर राहतो. मग पहिली योजना ‘निधी वापरत नाही’ म्हणून तिची तरतूद कापली जाते. जिथे लेखाशाखेतली पदे रिकामी आहेत तिथे हे हमखास घडते. ताळमेळाचा दाखला जोडल्याशिवाय अंदाज स्वीकारू नयेत, आणि त्यासाठी लेखाशाखेतली पदे भरावीत. दोन्ही एकदम करावे लागेल. नुसती सक्ती केली तर खोटे दाखले येतील.

या सर्व माहितीवर गोपनीयतेचे कारण सांगून पडदा टाकला जातो. करांचे प्रस्ताव आधी फुटू नयेत हे बरोबर आहे. त्यातून साठेबाजी आणि सट्टा होतो. पण गटविकास कार्यालयाने डिझेलसाठी किती मागितले, रुग्णालयाची वीज किती थकली, जिल्ह्यात किती कामे अर्धवट आहेत, यात गुप्त ठेवण्यासारखे काय आहे? अर्थसंकल्प मांडल्यानंतर तरी प्रत्येक मागणीसाठी दोन आकडे जाहीर व्हावेत: विभागाने मागितलेले आणि वित्त विभागाने दिलेले, कपातीच्या एका ओळीच्या कारणासह. आमदारांना मागण्यांवर बोलायला दिवस मोजके मिळतात. हातात हे दोन स्तंभ असतील तर ते आपल्या मतदारसंघातल्या रुग्णालयाबद्दल नेमके विचारू शकतील.

वित्त विभागाला विनंती एवढीच की पुढच्या परिपत्रकात थकीत देयकांचा स्तंभ घालावा आणि वेतनाचा आकडा सेवार्थमधून घ्यावा. पहिल्या वर्षी हे एखाद-दुसऱ्या विभागापुरते, आरोग्य आणि सार्वजनिक बांधकाम यांच्यापुरते केले तरी चालेल. बीम्समध्ये तक्ता बदलायला कायद्यात बदल लागत नाही.

आपला,
एक निवृत्त लेखाधिकारी, सातारा